पोटातली चौदा इंजेक्शने आणि आपल्या मोतीचे लसीचे कार्ड

"डॉक्टर, कुत्रा घरचाच आहे हो. बिस्किट देताना नातवाला जरासा दात लागला. त्यासाठी इंजेक्शन कशाला?" हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकायला मिळतो. मी उलट विचारतो, "कुत्र्याचे लसीचे कार्ड आणले आहे का?" यावर बहुतेक वेळा आजोबा गप्प होतात. कार्ड कुठेतरी कपाटात असते आणि शेवटची लस कधी दिली ते कुणालाच आठवत नसते. मग आजोबा स्वतःच म्हणतात, "आमच्या वेळी पोटात चौदा घ्यावी लागायची!"

त्या चौदा इंजेक्शनांची गोष्ट आज सांगतो. ती कळली की कुत्र्याचे कार्ड एवढे महत्त्वाचे का, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

जुना आजार, जुनी भीती

आपल्याकडे कुत्र्याला मान आहे. दत्तगुरूंच्या पायाशी चार श्वान असतात आणि खंडोबाच्या चित्रातही घोड्यासोबत कुत्रा दिसतो. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात. त्याने महाराजांना वाघापासून वाचवले, असे सांगतात.

पण याच कुत्र्याची भीतीही तेवढीच जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या कुत्र्याचे वर्णन आहे. असा कुत्रा चावलेला माणूस पाण्याला घाबरू लागला की तो वाचत नाही, असेही तिथे म्हटले आहे. 'जलत्रास' हा शब्द तिथलाच. त्या काळी चावा दाबून रक्त काढत आणि तापलेल्या तुपाने डागत. विष आत जाण्याआधी जखमेवर काहीतरी केले पाहिजे, हा विचार बरोबर होता. उपाय मात्र हाती नव्हता.

पॅरिस ते कसौली

6 जुलै 1885 रोजी लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा लस दिली. त्याला पिसाळलेल्या कुत्र्याने अनेक ठिकाणी चावे घेतले होते. मुलगा वाचला. चावा घेतल्यानंतरही लस का लागू पडते? रेबीजचा विषाणू जखमेतून थेट रक्तात जात नाही. तो नसांमधून हळूहळू मेंदूकडे सरकतो. बहुतेकांना लक्षणे दिसायला एक ते तीन महिने लागतात. तेवढ्या वेळात लसीमुळे शरीरात संरक्षण तयार झाले, तर माणूस वाचतो. लक्षणे सुरू झाल्यावर मात्र आजही जवळजवळ कुणी वाचत नाही.

सुरुवातीला भारतातून उपचारासाठी पॅरिसला जावे लागे, आणि ते फार थोड्यांना जमे. 1900 साली हिमालयात कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट सुरू झाली, 1907 मध्ये दक्षिणेत कुन्नूरला. कल्पना करा, पुण्यात चावा झाला की रेल्वेने दिवसेंदिवस प्रवास करायचा, पुढे डोंगर चढायचा आणि तिथे राहून रोज सुई घ्यायची. गरीब माणूस काय करणार? जखमेवर मिरची किंवा चुना भरायचा आणि वाट बघायची.

कसौलीतच डेव्हिड सेंपल यांनी 1911 च्या सुमारास नवी लस तयार केली. मेंढीच्या मेंदूत वाढवलेला विषाणू फिनॉलने मारून ती बनवत. ती स्वस्त होती आणि दूरच्या दवाखान्यांत पाठवता येत असे, त्यामुळे उपचार गावोगावी पोचला. आजोबांची पोटातली चौदा इंजेक्शने ती हीच. डोस मोठा असल्याने तो पोटाच्या कातडीखाली देत. तिच्यात मेंदूचा अंश असल्यामुळे काही रुग्णांच्या नसांवर परिणाम होऊन पक्षाघातासारखा त्रास होई. तरीही तिने असंख्य जीव वाचवले. पेशींवर वाढवलेल्या सुरक्षित लसी आल्यानंतरही सरकारी दवाखान्यांत ही जुनी लस बरीच वर्षे चालू होती. 2004 च्या अखेरीस ती भारतात बंद झाली.

आता चौदा नाहीत आणि पोटातही नाहीत. दंडात चार किंवा पाच डोसांचा कोर्स असतो. जखम खोल असेल किंवा रक्त आले असेल, तर जखमेभोवती तयार प्रतिपिंडेही देतात. पूर्वी ही बहुधा घोड्याच्या रक्तापासून मिळत. आता पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने प्रयोगशाळेत तयार केलेले प्रतिपिंडही उपलब्ध आहे.

कुत्र्याला लस, माणसाला संरक्षण

पुण्याचा या इतिहासाशी आणखी एक संबंध आहे. 1889 मध्ये सरकारने जनावरांच्या रोगांसाठी देशातली पहिली मोठी प्रयोगशाळा इथे, कॉलेज ऑफ सायन्समध्ये काढली. हे कॉलेज म्हणजे आजचे सीओईपी. 1893 मध्ये ती कुमाऊंतल्या मुक्तेश्वरला हलली. तिथे काम झाले ते मुख्यतः गुराढोरांच्या बुळकांड्या रोगावर आणि घोड्यांच्या आजारांवर. शेती आणि लष्कर त्यांच्यावर चालत होते. कुत्रा त्या यादीत खूप खाली होता.

रेबीजमध्ये खरा बदल झाला तो कुत्र्यालाच लस देण्याने. 1920 च्या सुमारास जपानी शास्त्रज्ञांनी कुत्र्यांसाठी एका टोचणीची लस तयार केली. 1950 मध्ये जपानने कुत्र्यांची नोंदणी आणि लस सक्तीची केली आणि 1957 नंतर तिथे स्थानिक प्राण्यांत रेबीज दिसला नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात 2014 पासून घरोघरी आणि रस्त्यावर जाऊन कुत्र्यांना लस देण्याची मोहीम चालली. 2021 मध्ये गोवा 'रेबीज-नियंत्रित' राज्य जाहीर झाले. साधारण 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे 99 टक्के कुत्र्यांमुळे होतो, म्हणून एवढा फरक पडतो.

मग घरी काय करायचे?

• पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पहिली रेबीजची लस, मग डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर आणि नंतर दरवर्षी. तारीख कॅलेंडरवर लिहा. महापालिकेच्या परवान्यालाही हे प्रमाणपत्र लागते.

• रोज पाच मिनिटे केस विंचरा. त्याच वेळी कान, पंजे आणि कातडी बघा. गोचीड, जखम किंवा दुसऱ्या कुत्र्याच्या चाव्याची खूण तेव्हाच सापडते. अनोळखी जनावराने चावा घेतला असेल, तर लस झालेली असली तरी प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

• जंताचे औषध वेळेवर द्या. चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षे आणि मनुका देऊ नका. दिवाळीच्या फराळातले बेदाणेही नकोत.

• जेवताना किंवा झोपलेल्या कुत्र्याला मुलांना छेडू देऊ नका. घरातले बहुतेक चावे अशाच वेळी होतात.

• कुत्रा अचानक चिडका झाला, लपून बसू लागला, लाळ गाळू लागला किंवा त्याला गिळता येईना, तर तोंडात हात घालून घशात काही अडकले का ते बघू नका. लगेच प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन करा.

आणि दात लागलाच, तर? जखम नळाखाली साबणाने पूर्ण 15 मिनिटे धुवा. हळद, मिरची, चुना, तेल काही नको. त्याच दिवशी डॉक्टरकडे या. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचे असते, पण तोवर लस थांबवायची नसते. दहा दिवस तो ठणठणीत राहिला, तर पुढचे डोस द्यायचे की नाही ते डॉक्टर ठरवतील.

त्या आजोबांच्या नातवाला त्याच दिवशी पहिला डोस दिला. कार्ड नंतर सापडले. मोतीची लस चौदा महिन्यांपूर्वीची होती, म्हणजे दोन महिने उशीर झालेला. आजोबांनी दुसऱ्याच दिवशी मोतीलाही टोचून आणले. आता ते कार्ड घरातल्या सगळ्यांच्या मेडिकल फाइलमध्येच असते, आणि त्याची खरी जागा तीच आहे.

28 सप्टेंबर हा पाश्चर यांचा स्मृतिदिन, तोच जागतिक रेबीज दिन. पण त्या दिवसाची वाट बघू नका. आजच कपाट उघडून कार्डावरची तारीख बघा.