मायना, मोर्तब आणि मेलपेटी : जामखेडच्या दप्तरी व्यवहारातील पूर्वनिर्णय

मोठ्या संस्थेचा पत्रव्यवहार लिहिणाऱ्याच्या हुशारीवर जितका चालतो, त्याहून अधिक तो आधीच कोणीतरी घेऊन ठेवलेल्या निर्णयांवर चालतो; पत्राचा मायना काय असावा, खाली कोणाचे नाव व पदनाम यावे, प्रत कोठे जावी आणि काम संपल्यावर कागद किती वर्षे जपावा, हे दर वेळी नव्याने ठरवावे लागले तर कारकुनाचा दिवस त्यातच सरेल. ई-मेलच्या परिभाषेत अशा पूर्वनिर्णयांना डिफॉल्ट सेटिंग म्हणतात, म्हणजे वापरणाऱ्याने काहीही बदलले नाही तरी आपोआप लागू होणारी मांडणी. आणि ती साऱ्या संस्थेसाठी एका जागी बसून ठरविण्याचा अधिकार ज्याला असतो, तो ॲडमिन. हा अधिकार संगणकाबरोबर जन्मलेला नाही. अहिल्यानगर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला असलेल्या जामखेड तालुक्याच्या दप्तराकडे पाहिले, तर तो कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला याचा बराचसा माग लागतो.

मराठेशाहीतील राजपत्राची घडण चिटणिशीत ठरत असे. शिरोभागी शिक्का, त्यानंतर समोरच्या माणसाच्या दर्जाप्रमाणे नेमलेला मायना, मग मजकूर आणि अखेरीस मोर्तब, म्हणजे पत्र येथे संपले हे दाखविणारी लहान मुद्रा, असा तो क्रम होता. शिवकालीन पत्रांवरील ‘मर्यादेयं विराजते’ ही मोर्तबाची अक्षरे केवळ शोभेसाठी नव्हती. मोर्तबाखाली कोणी चार ओळी घुसडल्या, तर त्या पत्राचा भाग ठरत नसत. मेलच्या तळाशी आपोआप उमटणारी नाव-पदनामाची चौकट, जिला सिग्नेचर म्हणतात, ती ओळख सांगते, पण मजकुराची हद्द राखत नाही, आणि त्या अर्थाने मोर्तब तिच्याहून अधिक विचारपूर्वक योजलेले होते.

1818 मध्ये पेशवाई संपली आणि अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्याचा कारभार कॅप्टन हेन्री पॉटिंजर या कलेक्टरकडे आला. जिल्ह्याच्या ठिकाणाहून जामखेडला जाणारा सरळ रस्ता कडा आणि आष्टी या गावांवरून जातो आणि ती गावे आज बीड जिल्ह्यात असली, तरी 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होती. त्या राज्याची टपालव्यवस्था वेगळी होती, 1869 पासून त्याची स्वतःची तिकिटेही निघत असत. ज्याचे मुख्य ठाणे परक्या मुलखापलीकडे आहे, अशा तालुक्याला पत्राची नोंद, तारीख आणि पोहोच यांविषयी एकच ठाम रीत असणे किती गरजेचे होते, हे यावरून सहज ध्यानात येते.

ती रीत गावपातळीवर पक्की झाली विसाव्या शतकात. एफ. जी. एच. अँडरसन या आयसीएस अधिकाऱ्याने महसुली लेख्यांची जी नियमपुस्तिका सिद्ध केली, तिने मुंबई इलाख्यातील प्रत्येक गावासाठी 1 ते 21 असे गाव नमुने नेमून दिले. सातबारा हा शब्द त्यांतील सातव्या आणि बाराव्या नमुन्याच्या जोडीवरूनच रूढ झाला. सातबाऱ्याची कीर्ती इतकी झाली की शेवटच्या काही नमुन्यांकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे जात नाही, आणि पत्रव्यवहाराच्या इतिहासात नेमके तेच महत्त्वाचे आहेत. अठरावा नमुना आवक-जावक पत्रांची नोंदवही आहे, विसावा पोस्टाच्या तिकिटांचा हिशेब ठेवतो आणि एकविसावा रोजच्या कामाची दैनंदिनी. तिकिटे किती मिळाली, किती लागली आणि शिल्लक किती राहिली, याची नोंद ठेवावीच लागत असल्याने पाठविलेल्या पत्राचा पुरावा दोन ठिकाणी आपोआप तयार होई. जामखेड तालुक्यातले खर्डा असो वा नान्नज, नोंदवहीचे रकाने तेच असत. त्यांत भर घालण्याची वा एखादा वगळण्याची मुभा तलाठ्याला नव्हती. एका माणसाने मांडलेले रकाने हजारो दप्तरांत डिफॉल्ट म्हणून बसले, पण ते छापील असल्यामुळे गावातला कोणताही साक्षर माणूस त्यांवर बोट ठेवून विचारू शकत होता की येथे नोंद का नाही.

याच जिल्ह्याने पुढे कार्यालयीन शिस्तीला नवे नाव दिले. 1980 च्या दशकात जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची बैठकव्यवस्था, कामाची वाटणी आणि अभिलेख यांची जी फेररचना केली, ती ‘लखिना पॅटर्न’ म्हणून राज्यभर ओळखली गेली. महाराष्ट्राच्या कार्यालयांत रुजलेली सहा गठ्ठे पद्धत हीसुद्धा याच विचाराच्या कुळातली. तीत प्रत्येक कारकुनाच्या टेबलावरील कागद सहा गठ्ठ्यांत विभागले जातात : रोजच्या कार्यवाहीची प्रकरणे, दुसऱ्याच्या उत्तराअभावी थांबलेली प्रतीक्षाधीन प्रकरणे, ठरावीक मुदतीने पाठवावयाची नियतकालिक विवरणे, स्थायी आदेशांच्या संचिका, अभिलेख कक्षात धाडावयाची निकाली प्रकरणे आणि नष्ट करावयाचे कागद. निकाली प्रकरणाला वर्ग दिला जातो : ‘अ’ कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, ‘क’ दहा, ‘क-1’ पाच आणि ‘ड’ एका वर्षाचा. या पद्धतीत कागद निकाली काढणाऱ्यालाच त्याच्या आयुष्याचा विचार करावा लागतो, आणि हेच तिचे खरे सामर्थ्य आहे.

राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राची, म्हणजेच एनआयसीची स्थापना 1976 मध्ये झाली आणि त्या शतकाच्या अखेरच्या दशकांत उपग्रहाधारित निकनेटने जिल्हा मुख्यालये जोडली. तालुक्यापर्यंत मेल पोचला तेव्हा पहिली अडचण अक्षरांची निघाली. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या फॉन्टांत टंकला जाई, आणि पाठविणाऱ्याचा फॉन्ट घेणाऱ्याच्या यंत्रावर नसला की जमीन महसुलाचे परिपत्रक रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या खिचडीसारखे पडद्यावर उमटे. मग तेच पत्र फॅक्सने किंवा शिपायाहाती पुन्हा मागवावे लागे. कोणता अक्षरसंच आपोआप निवडला जावा, ही वरवर क्षुल्लक वाटणारी सेटिंग मराठीतून कारभार चालविणाऱ्या राज्यासाठी भाषाधोरणाइतकीच मोलाची होती.

दुसरी अडचण अधिक खोल होती. सुरुवातीच्या काळात अनेक शासकीय कार्यालयांनी फुकट मिळणाऱ्या खासगी सेवांवर खाती उघडली. खाते उघडणाऱ्याची बदली झाली की पासवर्ड त्याच्याबरोबर जाई आणि कार्यालयाची टपालपेटी कुलूपबंद राही. महाराष्ट्रात 2005 च्या कायद्याने शासकीय सेवकाचा एका पदावरील सर्वसाधारण कालावधी तीन वर्षे ठरविला, आणि त्याच कायद्याने कोणतीही फाइल एका टेबलावर सामान्यतः सात कार्यदिवसांहून अधिक राहू नये असेही बजावले. माणूस तीन वर्षांनी हलणार आणि कागद सात दिवसांत हलला पाहिजे, तर पत्ता माणसाचा असून चालत नाही. मेलच्या जागतिक नियमांना हे फार आधी उमगले होते : 1982 च्या आरएफसी 822 या नियमावलीनुसार प्रत्येक डोमेनवर ‘पोस्टमास्टर’ या पदनामाचा पत्ता असणे बंधनकारक झाले, मग तेथे बसणारा कोणीही असो. भारत सरकारने फेब्रुवारी 2015 मध्ये अधिसूचित केलेल्या ई-मेल धोरणाने, केंद्राची ई-मेल सेवा वापरणाऱ्या राज्यांच्या कार्यालयांनाही लागू पडेल अशा रीतीने, शासकीय कामासाठी एनआयसीची सेवा नेमून दिली, पदनामाचा पत्ता ठेवण्याची शिफारस केली आणि शासकीय पत्रे खासगी खात्याकडे वळविण्यास मनाई केली. ‘तहसीलदार, जामखेड’ ही पाटी जशी दालनाची असते, तसा पत्ताही त्या पदाचाच झाला.

मात्र यांतील जवळजवळ सर्व गोष्टी ठरतात त्या तालुक्याबाहेर. जिल्हा सूचना-विज्ञान अधिकारी खाते उघडण्यास साहाय्य करतो. मूळ सेटिंग राष्ट्रीय पातळीवर बसविलेली असते. 2023 मध्ये या सेवेचे कंत्राट झोहो या भारतीय कंपनीला मिळाले आणि पुढील दोन वर्षांत लाखो शासकीय कर्मचाऱ्यांची खाती नव्या यंत्रणेवर गेली. एवढ्या पसाऱ्यात एकसारखेपणा हवा हे निर्विवाद आहे, सुरक्षिततेसाठी तर तो अटळच आहे. परंतु अँडरसनचा रकाना कारकुनाला दिसत होता, ही सेटिंग दिसत नाही. अनेक मेलव्यवस्थांत कचरापेटीतील पत्र ठरावीक दिवसांनी आपोआप नाहीसे होते आणि ते ‘अ’ वर्गाचे होते की ‘ड’ वर्गाचे, हे यंत्र विचारीत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमही 2005 चाच आहे, त्यामुळे कोणते पत्र जपायचे ही जबाबदारी कायद्याने कार्यालयाचीच राहते. साऱ्या डिफॉल्टांची मराठीतील एक छापील यादी प्रत्येक तहसीलच्या स्थायी आदेश संचिकेत, म्हणजे चौथ्या गठ्ठ्यात, असलीच पाहिजे, असे यावरून आग्रहाने म्हणावे लागते.

या यादीची निकड अलीकडेच प्रत्ययास आली. अहिल्यादेवी होळकरांचा जन्म 1725 मध्ये ज्या चौंडीत झाला, ते गाव जामखेड तालुक्यातले. त्यांच्या नावावरून जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च 2024 मध्ये घेतला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तशी अधिसूचना निघाली. गोल शिक्का आणि पत्रशीर्ष यांच्या जोडीला मेलमधील सिग्नेचर आणि जिल्ह्याचे नाव धारण करणारा पत्ताही अशा वेळी बदलावा लागतो. जुन्या पत्त्यावर आलेले पत्र नव्या पेटीत आपोआप वळविण्याची सोय ॲडमिनला करता येते. ती किती काळ चालू ठेवायची हा निर्णय मात्र यंत्रज्ञाचा नव्हे, महसूल खात्याचा आहे, आणि फेरफाराचे वाद पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या या तालुक्यात ती मुदत महिन्यांत न मोजता ‘ब’ वर्गाच्या तीस वर्षांना धरून ठरविणेच योग्य होईल.