खेळाडूची चाकरी

रत्नागिरी जिल्ह्यांतील पालवण हें गांव क्रिकेटच्या इतिहासांत आलें तें एका आडनांवाच्या रूपानें. बाळू पालवणकर व त्यांचे बंधु शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे चौघेहि नामांकित क्रिकेटपटु होऊन गेले. बाळूंचा जन्म धारवाडचा, वडील लष्कराच्या चाकरींत, आणि उमेदीचीं पहिलीं वर्षें गेलीं पुण्यास. तेव्हां कोंकणाशीं त्यांचा संबंध आडनांवापुरताच उरला होता. त्यांच्या डावखुऱ्या गोलंदाजीविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. चांभार कुळांत जन्मल्यामुळें त्यांस जे अपमान सोसावे लागले, त्यांविषयींहि अलीकडे लिहिलें जातें. परंतु ह्या गृहस्थांस खेळाबद्दल पैसा कोणीं दिला आणि कोणत्या नांवाखालीं दिला, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं.

पुण्यास प्रथम एका पारशी क्लबांत पट्टी झाडणें व तिजवर रूळ फिरविणें हें त्यांचें काम होतें; वेतन दरमहा ३ रुपये. पुढें १८९२ च्या सुमारास इंग्रजांच्या पूना क्लबांत तसेंच काम दरमहा ४ रुपयांवर मिळालें. तेथें साहेबांस सरावासाठीं चेंडू टाकण्याचें कामहि त्यांजकडे आलें. ग्रेग नांवाचे नामांकित फलंदाज, आपणांस बाद केल्याबद्दल दर खेपेस बाळूंस आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. ती खरी धरली, तर महिन्याकाठीं आठ वेळां ग्रेगसाहेबांस बाद केलें कीं पगाराइतकी रक्कम पुरी होई! हुद्दा मैदान राखणाराचा, आणि उपयोग गोलंदाजाचा. फलंदाजीची संधि मात्र त्यांस तेथें कधींच मिळाली नाहीं. बॅट हातीं धरणें हा साहेबांचा मान होता. मुंबईस आल्यावर त्यांस रेल्वे कंपनीची नोकरी मिळाली व ते कंपनीच्या संघांतूनहि खेळूं लागले. १९०६ सालीं हिंदूंच्या संघानें युरोपियनांस १०९ धांवांनीं जिंकलें, तेव्हां साऱ्या हिंदु समाजानें तो विजय आपला मानला. त्या संघाच्या प्रमुख गोलंदाजास पोटाला देणारी मात्र रेल्वे कंपनी होती.

ह्या व्यवहारास गैर म्हणावें काय? त्या काळच्या इंग्रजी शिष्टाचाराप्रमाणें खेळाबद्दल पैसा घेणारा तो धंदेवाईक, न घेणारा तो सद्गृहस्थ. आणि १८०६ पासून ह्या दोन वर्गांचे सामने इंग्लंडांत होत आले होते. परंतु ह्या सोंवळ्याची खरी परीक्षा ग्रेस ह्या विख्यात खेळाडूच्या ठायीं होते. ते सद्गृहस्थांच्या पंक्तीचे. तरी १८७३ सालीं ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यासाठीं त्यांनीं १५०० पौंड व शिवाय खर्च घेतला. त्याच दौऱ्यांतील धंदेवाईकांस ह्याचा लहानसा अंशच मिळाला. श्रीमंतानें घेतलें तें मानधन, आणि गरिबानें घेतली ती मजुरी, असा एकूण हा न्याय!

हेंच सोंवळें अमेरिकेंतील कॉलेजांनीं उचललें आणि त्यांतून मोठा विलक्षण प्रकार उद्भवला. तेथील कॉलेजांमधील पहिला सामना, म्हणजे १८५२ सालची हार्वर्ड व येल यांची नौकास्पर्धा, हीच मुळीं एका रेल्वे कंपनीच्या खर्चानें झाली. आपल्या मार्गावरील सरोवराकडे प्रवासी ओढावे हा कंपनीचा हेतु. पुढें खेळाडु विद्यार्थ्यानें मोबदला घेऊं नये असे नियम झाले. तेव्हां कॉलेजाच्या श्रीमंत अभिमान्यांनीं पळवाट काढली ती उन्हाळी सुटींतील उमेदवारीची. विद्यार्थ्यास एखाद्या पेढींत किंवा दुकानांत कामास ठेवावयाचें, काम नांवापुरतें, आणि पगार भरघोस. नियमकर्त्यांनीं मग असें ठरविलें कीं, प्रत्यक्ष केलेल्या कामाचाच आणि त्या गांवीं चालू असलेल्या दरानेंच पगार घ्यावा. १९२९ सालीं कार्नेगी संस्थेनें ह्या खेळांविषयीं जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यांत खेळाडूंस छुपी मदत देण्याची चाल बहुसंख्य कॉलेजांत आढळली. तरी ती थांबली नाहीं. २००६ सालीं ओक्लाहोमा विद्यापीठानें आपल्या फुटबॉल संघांतून दोघांस काढून टाकलें, कारण एका मोटारविक्रीच्या दुकानांत न केलेल्या कामाच्या तासांचे पैसे त्यांनीं घेतले होते.

आमच्याकडे हें गुपित ठेवण्याचें कारणच पडलें नाहीं. इंदूरच्या होळकरांनीं १९२३ सालीं सी. के. नायडू यांस बोलावून आपल्या फौजेंत कप्तानाचा हुद्दा दिला. सांगलीचे विजय हजारे यांस देवास व बडोदें येथील दरबारांचा आश्रय लाभला. होळकरांचा संघ रणजी करंडक चार वेळां जिंकला, तो अशाच जमविलेल्या खेळाडूंच्या बळावर. नायडूंच्या हुद्द्यावरून कोणी लढाईचा हिशेब मागितला नाहीं. मला स्वतःला हा उघडेपणा अमेरिकन सोंवळ्याहून बरा वाटतो. तथापि त्यांतहि एक उणीव राहिली. नोकरी देणारानें आपण खेळ विकत घेतों असें लिहून दिलें नाहीं. म्हणून खांदा दुखावला, किंवा महाराजांची मर्जी फिरली, तर खेळाडूनें कशावर बोट ठेवावें?

येथें रत्नागिरी जिल्ह्यांतीलच दुसऱ्या एका घराण्याची गोष्ट आठवते. आंबडवें गांवच्या भीमराव आंबेडकरांस बडोद्याच्या सयाजीरावांनीं १९१३ सालीं परदेशीं शिक्षणासाठीं तीन वर्षें दरमहा साडेअकरा पौंड दिले. त्याबद्दल दहा वर्षें संस्थानची नोकरी करावी असा रीतसर करार झाला. पुढें बडोद्यांत त्यांचे जे हाल झाले ते सर्वश्रुत आहेत. पण कोणी काय दिलें आणि कशाच्या बदल्यांत दिलें, तें कागदावर होतें. बाळूंच्या गोलंदाजीस असा कागद मिळाला नाहीं. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं इंग्लंडांत गेलेल्या संघांतून त्यांनीं ११४ गडी बाद केले. परंतु हिंदु संघाचें नायकत्व त्यांस कधींहि देण्यांत आलें नाहीं. तें १९२३ सालीं धाकटे बंधु विठ्ठल यांजकडे आलें, आणि तेंहि वर्तमानपत्रांतून बराच वाद माजल्यावर. चाकरी देतांना जात आड आली नाहीं, मान देतांना आली.

बाळू पालवणकर जुलै १९५५ मध्यें मुंबईस वारले. हौशी आणि धंदेवाईक हा भेद इंग्लंडच्या क्रिकेटनें १९६२ च्या अखेरीस काढून टाकला. अमेरिकेंतील कॉलेजांच्या खेळाडूंस आपल्या नांवाचा व कीर्तीचा मोबदला उघडपणें घेण्याची मुभा १ जुलै २०२१ रोजीं मिळाली. आमची रेल्वे अजूनहि खेळाडूंसाठीं जागा राखून ठेवते, आणि त्यांच्या जाहिराती वर्तमानपत्रांत येतात.