रावळगाव : गावाचं नाव, गोळीचं नाव

आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात फळीवर काचेच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या असायच्या. 'रावळगाव द्या' म्हटलं की दुकानदार एका बरणीचं झाकण फिरवून हात आत घालायचा. रावळगाव म्हणजे गोळी, एवढंच आम्हाला ठाऊक. ते नाशिक जिल्ह्यातलं एक गाव आहे, हे मला मालेगाव तालुक्यात गावाच्या नावाची पाटी दिसली तेव्हा कळलं. मी ती पाटी दोनदा वाचली.

सोलापूरचे वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) रेल्वेच्या बांधकामांची कंत्राटं घेत, पुढे सिंदिया कंपनीच्या जहाजांमुळे देशभर नाव झालं. मालेगावजवळच्या कोरड्या, खडकाळ माळरानाकडे त्यांनी शेतकऱ्याच्या नजरेनं पाहिलं. अभियंते, रसायनतज्ज्ञ, शेतीतज्ज्ञ आणून सुमारे १,५०० एकर जमीन लागवडीखाली आणली आणि १९३३ साली 'रावळगाव शुगर फार्म' उभा राहिला. वेळही साधली होती. तोवर देशात जावाची साखर भरमसाट येत होती, १९३२ च्या कायद्यानं तिच्याविरुद्ध देशी कारखान्यांना संरक्षण मिळालं. नावातला 'फार्म' शोभेचा नव्हता. कारखान्याची मुळं त्याच शेतात होती.

साखर हाताशी होतीच. १९४२ च्या सुमारास तिच्यापासून गोळ्या बनू लागल्या.

या गोळीची जात ओळखायची तर स्वयंपाकघरातल्या पाकापासून सुरुवात करावी. एकतारी पाक, पुढे गोळीबंद, त्यापुढे चिक्कीचा. पाण्यात थेंब टाकला की टक् वाजणारा. कारखान्यातला पाक त्याच वाटेनं आणखी पुढे, दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. पाणी जवळजवळ सगळं उडतं आणि थंड झालेली साखर काचेसारखी होते. नुसती साखर पुन्हा दाणे धरते, म्हणून तिच्यात ग्लुकोजचं सिरप घालतात. दूध-लोणी घालून पाक लवकर उतरवला तर दातांत रुतणारी टॉफी होते. आणि ही काच हवेतला ओलावा शोषते, म्हणून पावसाळ्यात कागद गोळीला चिकटायचा. आम्ही तो तसाच चोखून सोडवायचो.

तो कागदच मला महत्त्वाचा वाटतो. बत्तासे, रेवड्या, खडीसाखर हे सगळं पूर्वीपासून होतं, पण पुडीतलं, उघडं. दोन्ही टोकांना पीळ दिलेली गोळी खिशात टिकते, एकेक मोजून वाटता येते. मेक्सिकोतून स्पॅनिश, मग इंग्रजी असा फिरत आलेला 'चॉकलेट' हा शब्द मराठीनं याच गोळीला लावला. कोकोचा कणही नसलेल्या गोळ्या वाढदिवसाला वर्गात 'चॉकलेट' म्हणूनच वाटल्या गेल्या. भाषेनं वेष्टनाला नाव दिलं, मला यात काही चूक दिसत नाही.

अशी वेष्टनातली मिठाई जपानातही आली. तिथे मोरिनागा कंपनीनं १९१४ साली दुधाचं कॅरॅमल खिशात मावणाऱ्या डबीत विकायला आणलं. पुढे तिथल्या प्रांतांनी आपापली मिठाई जपली. होक्काइदोचं 'शिरोई कोइबितो' हे पांढऱ्या चॉकलेटचं बिस्कीट १९७६ चं, तिकडे गेलेला माणूस परतताना ते हमखास आणतो. आपल्याकडे साताऱ्याच्या कंदी पेढ्याचं, बेळगावच्या कुंद्याचं तसंच आहे. गाव आधी, मिठाई मागून. रावळगावची गोळी मात्र गावाचं नाव घेऊन देशभर गेली आणि गाव मागे राहिलं. पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक, चोको क्रीम ही तिचीच भावंडं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये रावळगाव शुगर फार्म कंपनीनं हे ब्रँड रिलायन्स कन्झ्युमर प्रॉडक्ट्सला २७ कोटी रुपयांना विकले. साखर, वीज, मजुरी सगळं महागलं, पण गोळीची किंमत वाढली नाही आणि पन्नास पैशांचं नाणंच व्यवहारातून गेलं, असं कारण कंपनीनं दिलं. ते वाचून मला फार वाईट वाटलं. व्यवहारात ट्रेडमार्क आणि पाककृती गेल्या. जमीन, इमारती, यंत्रं कंपनीकडेच राहिली.

मालेगावच्या एसटीत मात्र 'एक रावळगाव' म्हटलं की कंडक्टर तिकीट काढून देतो.