कंसातले नाव : सातबारा वहीतून संगणकात गेला तेव्हा

मुरबाड तालुक्यातील म्हसा हे गाव पौष पौर्णिमेच्या यात्रेसाठी आणि बैलबाजारासाठी ख्यात आहे. बैलाचा दावा नव्या धन्याच्या हाती गेला की व्यवहार पुरा होतो. जमिनीचे तसे नाही. तिच्या प्रत्येक हस्तांतराचा माग कागदावर राखावा लागतो.

मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा स्वतंत्र कायदा १९०३ साली आला. पुढे रूढ झालेल्या पद्धतीत गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, हा बदलांचा क्रमवार इतिहास. आणि सातबारा ही त्या बदलांतून उरलेली आजची स्थिती. तलाठ्याने नोंद धरायची, हितसंबंधितांना नोटीस द्यायची, मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित करायची. मगच सातबारावर नवे नाव चढे, शेजारी वर्तुळात फेरफार क्रमांक. जुने नाव खोडत नसत. त्याला कंस करीत. लिनस टोर्वाल्ड्सने २००५ मध्ये गिट रचले, त्यातही जुनी अवस्था न पुसता बदल नोंदवण्याचीच सोय आहे. तलाठ्याच्या दप्तरात ती कित्येक दशके आधी होती.

पण सातबाराचे ठरावीक वर्षांनी पुनर्लेखन होई आणि कंसातली नावे जुन्या वहीतच राहत. संगणकीकरण हे असेच एक पुनर्लेखन, फक्त साऱ्या राज्याचे.

खरा धोका होता ‘इतर अधिकार’ या रकान्यात. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाशी ज्यांचा हक्क बांधलेला, त्या कुळांची नावे तेथे असतात. आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीवाचून बिगर-आदिवासीस देता येत नाही, हा महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ चा निर्बंधही तेथेच नोंदला जातो. मुरबाड-शहापूरच्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी वस्त्यांत ही एक ओळ म्हणजे जमिनीचे कुंपणच. टंकताना ती सुटली, तर कलम १५७ प्रमाणे चुकीचा उताराही, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरा मानला जाणार!

म्हणूनच चावडीवाचन झाले : संगणकीय उतारे गावासमोर वाचायचे, हरकती घ्यायच्या. लेखनप्रमादांच्या दुरुस्तीसाठी कलम १५५ होतेच. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला.

जुन्या वह्या मात्र निकालात निघाल्या नाहीत. वाद उद्भवला की वारसदार वर्तुळातला क्रमांक घेऊन आजही अभिलेख कक्षात जातो आणि कंसातले नाव शोधतो.