उघाडी नसलेली सरोवरे

खारे पाणी रेवसच्या माणसाला नवे नाही. उधाणाच्या भरतीत बांधाला खांड पडली की धरमतर खाडीचे पाणी शेतात शिरते आणि जमीन खारावते. पण आपला पाऊस दांडगा. तो हे मीठ धुऊन काढतो आणि उघाडीवाटे ते पुन्हा खाडीस मिळते. म्हणून काही पावसाळ्यांनी तेथे भात उभे राहू शकते.

आता अशी जागा कल्पा की जिला उघाडीच नाही. नद्या येतात, पण बाहेर एकही जात नाही. पाणी उन्हाने उडते व नद्यांनी आणलेले क्षार तेथेच साचतात. समुद्रापासून शेकडो कोस दूर खारे सरोवर होते ते असे.

मध्य आशियातील अरल हे त्याचे ठळक उदाहरण. आमू दर्या व सिर दर्या या दोन नद्या त्यास मिळत असत. अरबी ग्रंथांतील जैहून व सैहून त्या ह्याच. बाबर बादशहाचा जन्म 1483 साली झाला तो सिर दर्याच्या खोऱ्यातील फरगण्यात. 1960 साली अरल हे जगातील चौथ्या क्रमांकाचे सरोवर होते. पुढे सोव्हिएत राजवटीने दोन्ही नद्यांचे पाणी कापसाकडे वळविले. सरोवर आटत सुमारे दशांशावर आले, उरलेल्या पाण्यात मासा जगेना, आणि मुयनाक बंदरातील होड्या वाळूत रुतून राहिल्या. होडीवर ज्यांचे घर चालते त्यांना याहून अधिक सांगणे नलगे. उत्तरेकडील भाग मात्र 2005 साली कझाकस्तानने बांध घालून अडविला, आणि तेथे मासळी परत आली.

बाबराचा नातू अकबर. त्याच्या दरबारातील विद्वान अबुल फझल याने 'ऐन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना मेहकरजवळच्या लोणारचा उल्लेख केला आहे. काच व साबण करण्यास लागणारे पदार्थ तेथे मिळतात आणि सरकारास त्यापासून चांगले उत्पन्न होते, असे तो नमूद करतो. आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील हेच ते लोणार सरोवर. बशीसारख्या खोलगट विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर. काठावरची गोड्या पाण्याची धार आत येते, पण बाहेर वाट नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरले की कडेला क्षाराचा थर दिसे, आणि लोक तो गोळा करीत.

परंतु ही बशी घडविली कोणी? 1823 साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. त्यानंतर दीर्घकाळ उत्तर एकच होते : ज्वालामुखी. आमच्या लहानपणी गुरुजींनी तेच सांगितले व आम्ही तेच लिहून गुण मिळविले! 1973 साली मात्र येथील खडकांत प्रचंड आघातानेच तयार होणारी काच आढळल्याचे शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले. अर्थात विवर उल्कापाताचे. काळ्या पाषाणातील असे विवर पृथ्वीवर फार विरळा. चंद्रावरील खडकांशी त्याची तुलना होते ती यामुळेच. वयाविषयीही मत बदलले. पूर्वी ते सुमारे 50 हजार वर्षे धरीत. नव्या मोजणीने 5 लाख 70 हजारांच्या घरात गेले.

जून 2020 मध्ये लोणारचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. कोणी काही, कोणी काही बोलू लागले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. कडक ऊन, घटलेले पाणी व वाढलेला खारटपणा यामुळे क्षारप्रिय सूक्ष्मजीव माजले होते, हा त्यांचा निष्कर्ष. त्याच वर्षी सरोवरास रामसर यादीत स्थान मिळाले.

अरलला गोडे पाणी कमी पडले. लोणारची काळजी उलटी आहे. गोडे पाणी व गावचे सांडपाणी जास्त आले, तर तेथील खारटपणा फिका पडतो, आणि त्याच खारटपणावर जगणारे सूक्ष्म जीव अन्यत्र सहसा सापडत नाहीत. आपण खारे पाणी बाहेर ठेवण्यासाठी बांध राखतो. लोणारकरांना गोडे पाणी बेताने आत येऊ द्यावे लागणार आहे.