आलं का?

दिवाळीला पुण्याचा नातू आला तो चक्क झोपायची सोय असलेली छोटी गाडी घेऊन. जठारपेठेतल्या आमच्या दारात ती उभी केली आणि म्हणाला, "आबा, आज टीव्ही माझ्या घरी!" लॅपटॉपला एक डबी, डबीला वायर आणि टपावर छत्री. नेट नाही, केबल नाही. दूरदर्शनने डिसेंबर 2004 मध्ये सुरू केलेली ही फुकट सेवा, आताची डीडी फ्री डिश. उपग्रह 36 हजार किलोमीटर वर, आपल्याकडून आग्नेयेला.

मी पडलो मास्तर, मागचा धडा सांगितल्याशिवाय राहवेना. 1983 मध्ये इन्सॅट-1बी वर गेला. 1984 मध्ये गावोगावी 100 वॅटची छोटी प्रक्षेपण केंद्रे उभी राहू लागली. ती उपग्रहाचे चित्र झेलत आणि आसपासच्या घरांना वाटत. 25 जानेवारी 1987, रविवार, 'रामायण'चा पहिला भाग... बैठकीत अर्धी गल्ली, मी गच्चीवर ॲन्टेना फिरवतोय, "आलं का वं?" आणि खालून ही, "मुंग्याच दिसून राह्यल्या!"

ती जुनी केंद्रे 2022 पर्यंत जवळजवळ सगळी बंद झाली. ही जाऊनही सहा वर्षे झाली. ॲन्टेना मात्र मी काढलेला नाही. भंगारवाला दोनदा विचारून गेला.

नातू टपावर छत्री वळवत होता. "आलं का, आबा?"

"मुंग्याच दिसून राह्यल्या," मी म्हणालो. चित्र तर केव्हाच आलं होतं.