दिनविशेष : २६ सप्टेंबर
‘गुलाब’ जमिनीवर आले (२०२१)

रविवारी रात्री ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्र प्रदेशातल्या कलिंगपट्टणमच्या उत्तरेला धडकले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूरपासून हा किनारा पाचशे किलोमीटरहून लांब. जमिनीवर आलेले वादळ विरते, असा आपला समज. ‘गुलाब’ने मात्र क्षीण होतहोत तेलंगण, विदर्भ, मराठवाडा ओलांडला. २८ तारखेला उमरखेडजवळ दहागावच्या नाल्याला आलेल्या पुरात एसटी बस वाहून गेली. उरलेसुरले कमी दाबाचे क्षेत्र गुजरातकडून अरबी समुद्रात उतरले आणि १ ऑक्टोबरला पुन्हा चक्रीवादळ झाले. नाव नवे, ‘शाहीन’. ३ ऑक्टोबरला ते उत्तर ओमानच्या अल बातिना किनाऱ्यावर आदळले. तिथे १८९० नंतर असे घडले नव्हते.

पुढच्याच वर्षी अटलांटिकमधले ‘फियोना’ चक्रीवादळ कॅनडातल्या थंडगार नोव्हा स्कॉशियापर्यंत गेले. वादळांच्या हद्दी नकाशावर वाटतात तितक्या पक्क्या नाहीत. आपल्याकडे वारा ओसरतो, पण बाष्प आत येतच राहते.

गडचांदूरभोवतीच्या कोरपना-राजुरा पट्ट्यात हे दिवस भारी नाजूक. सोयाबीन कापणीला आलेले, कपाशीची खालची बोंडे फुटायच्या बेतात. पाऊस लागून राहिला की सोयाबीनच्या शेंगांतच कोंब फुटतात. पण इशारा बातम्यांत ‘किनारपट्टीसाठी’ म्हणून येतो आणि इथला शेतकरी चॅनल बदलतो, हीच खरी अडचण. किनाऱ्यावरचे वादळ विदर्भाच्या वेशीवर यायला साधारण एक दिवस लागला होता. तेवढ्यात कापलेल्या सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री नक्कीच पडू शकते.